जनाची विंच

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला शिव्या घालत बसलो होतो. उमरोळीच्या शेतात, बांधावर, एकटाच. रविवार होता. दातिवऱ्याहून पहिली एसटी आणि सफाळ्याहून गाडी धरून मी वेळेवर पोहोचलो होतो. शेतमालकाच्या खोपीतून विंच ओढत आणून जागेवर ठेवली, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला खुंट्या ठोकल्या, कप्पी बसवली, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवून परत आणला, सगळं केलं... आणि ज्याचा हा ग्लायडर उडवायचा सगळा खेळ तो माणूस काही येत नव्हता. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. वारा असा होता की काय सांगू. समुद्राकडून येणारा, एकसारखा. घारी वर चढून गोल फिरत होत्या, म्हणजे वरची हवा उचलत होती. अशी हवा वाया घालवणारा माणूस जना नव्हता, म्हणून तर राग जास्त येत होता. मग फोन वाजला, त्याचंच नाव दिसलं. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. म्हटलं, "उठलास काय रे कुंभकर्णा, का बायकोनं अजून चहा दिला नाय?" पलीकडून त्याचा मुलगा प्रशांत बोलला, सुट्टीला घरी आलेला. "मामा... बाबा गेले."

त्याला आता काही आठवडे झाले. माणसं भेटतात, सांगतात की हळूहळू बरं वाटेल. मला बरं वाटत नाही आणि वाटून घ्यायचंही नाही. मला राग आलेला आहे आणि तो जनाचाच आलेला आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण त्याने मला जिवंतपणी रागावायची संधी दिली असती तर मी तेव्हाच भांडून मोकळा झालो असतो. ती त्याने दिली नाही, हेच तर माझं भांडण आहे. पेपरवाल्यांनी पुरवणीसाठी लिहा असं आधी प्रशांतला सांगितलं होतं, तो शिकलेला, पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणाला, मामांना सांगा, बाबा त्यांच्याबरोबर जास्त असायचे. मी चौथी शिकलेला माणूस. पण लिहिणार तर मीच लिहिणार, आणि गोड लिहिणार नाही.

जना म्हणजे माझ्या बायकोचा, हिराचा, धाकटा भाऊ. प्रशांत मला मामा म्हणतो, कारण आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. त्यांची आई लवकर गेली, हिरानेच त्याला वाढवला. आमचं लग्न झालं तेव्हा तो तिच्या पदराला धरूनच आमच्या घरात आला असं म्हटलं तरी चालेल. मी त्याला होडीवर न्यायला बघितलं. किनारा दिसेनासा व्हायच्या आधीच हा काठावर वाकून ओकायला लागायचा. खलाशी हसायचे. मी म्हणायचो, कोळ्याच्या पोटी हा कसला जन्मला, ह्याला समुद्र लागतो. मग तो पालघरला आयटीआयला गेला, वायरमन झाला, बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात लागला. मी म्हटलं, "चांगला समुद्र सोडून ॲसिडच्या वासात मरायला चाललास." तर म्हणतो, "भावजी, तुमच्या अंगाला जो वास येतो त्यापेक्षा बरा." हिरा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. भावजी आणि मेव्हणा यांच्यात जी थट्टा चालते ती आमच्यात शेवटपर्यंत चालली. तो मला कधी घाबरला नाही. माझी पोरंसुद्धा मला घाबरतात, पण तो नाही.

ग्लायडरचं खूळ खरं प्रशांतचं. त्याने कॉलेजात असताना एक बनवलं, थोडे दिवस उडवलं आणि टाकून दिलं. बापाने ते माळ्यावरून काढलं आणि त्याला तेच लागलं. नोकरीतून सुटल्यावर तर त्याला दुसरं काही सुचेना. बोईसरच्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात पलंगावर पंख, टेबलावर शेपटी, आणि बायको सुनंदा बिचारी मोरीच्या उंबऱ्यावर बसून भाजी निवडायची. एक दिवस तो माझ्याकडे दातिवऱ्याला आला आणि म्हणाला, "भावजी, मला चांगला तंगूस पायजेल. लांब. आणि न सुटणारी गाठ शिकवा." मी विचारलं, "आता म्हातारपणी गळ टाकणार काय?" म्हणाला, "टाकणार. वर टाकणार." मला वाटलं ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जनाचं पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन माणसं आडवी झोपवावी एवढं, पण उचलाल तर कोंबडीएवढं वजन. खाली उभा राहिलेला माणूस हातातल्या रिमोटने ते वळवतो. पण ते वर न्यायचं कसं, तर विंचने. एका भंगारातल्या जीपचा स्टार्टर, त्याला जोडलेला ड्रम, ड्रमवर तंगूस, बाजूला गाडीची बॅटरी आणि पायाखाली पेडल. तंगूस विंचमधून निघतो, शेताच्या टोकाला खुंट्यांना बांधलेल्या कप्पीला वळसा घालतो आणि परत आपल्याकडे येतो. त्याच्या शेवटाला एक कापडाचं छोटं पॅराशूट आणि कडी. कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायची. पेडल दाबलं की ते पतंगासारखं उभं चढत जातं. पार वर गेलं की जना त्याचं नाक खाली घालायचा, ताणलेला तंगूस त्याला गोफणीतून सुटल्यासारखा फेकायचा, कडी सुटायची, पॅराशूट उघडायचं आणि दोरी डुलत डुलत खाली यायची. ती मी गुंडाळून घ्यायची. वर ग्लायडर मोकळं. आवाज नाही, धूर नाही. मग ते किती वेळ वर राहील हे वारा, घारी आणि जना ठरवणार. पुष्कळ लोक विचारायचे, नाकावर छोटी मोटर लावत का नाही, सोपं पडेल. जना म्हणायचा, सोपं पडेल म्हणूनच नाही लावत.

ती विंच त्याने बोईसरच्या रामसजीवनकडे बनवून घेतली. रामसजीवनचा लेथचा छोटा वर्कशॉप आहे, उत्तरेकडचा माणूस, बोईसरात केस पिकले त्याचे. जनाबरोबर राहून त्यालाही ते वेड लागलं, त्याने स्वतःचंही एक ग्लायडर बनवलं. तो मला चाचा म्हणतो. पेडलवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा जनाने मला सांगितलं, "होडीवर जाळं ओढायची विंच तुमी आयुष्यभर चालवली, ही तर खेळण्यातली." मला ते पटलं. आणि पहिल्याच रविवारी काय झालं तेही सांगतो. जनाने ग्लायडर हातातून सोडलं, मी पेडल दाबलं, ते चढायला लागलं आणि ड्रमला भार आला. आता होडीवर भार आला म्हणजे काय, जाळ्यात मासळी आहे. भार आला की आम्ही जोर वाढवतो, तिथे ढील दिली तर सगळं गेलं. माझ्या पायाने आयुष्यभर शिकलेलं तेच केलं. आणखी दाबलं. वर ताडकन आवाज झाला आणि पंख मधोमध मिटले, जसं कुणी पुस्तक बंद केलं. तुकडे खाली येईपर्यंत जना बघत राहिला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "भावजी, ह्याच्यात म्हावरं नाय."

रामसजीवन जमिनीवर बसून हसला. मी म्हटलं, तुझ्या पंखाचा जोडच कच्चा. आजही माझं तेच म्हणणं आहे, जोड कच्चा होता. पण जना म्हणाला, "जड लागलं की सोडायचं. हे उलटं हाय. जड लागलं की पाय उचला." मग मी शिकलो. थोडं दाब, सोड, थोडं दाब, सोड. तंगूसचा ड्रमवर जो आवाज येतो त्यावरून कळतं वर काय चाललंय, मान वर करून बघायची गरज नाही. पुढे विरारहून, वसईहून कोणी कोणी स्वतःची ग्लायडरं घेऊन यायला लागले, तर जना त्यांना सांगायचा, "पेडलवर भावजीच बसणार. त्यांच्या पायाला कान हायेत." दुसऱ्या कोणाच्या पायावर त्याने आपलं ग्लायडर कधी सोडलं नाही. मला या गोष्टीचा अभिमान होता, तो मी कशाला लपवू.

चांगले रविवार गेले आमचे. एकदा कॉन्स्टेबल आला मोटरसायकलवरून. इकडे तारापूरला अणुवीज केंद्र असल्यामुळे हवेत काही उडालं की पोलीस आधी बघतात, आणि ते बरोबरच आहे, जना त्या बाजूला कधी फिरकलाही नाही. कॉन्स्टेबल म्हणाला, "काका, हे ड्रोन हाय काय?" जना म्हणाला, "साहेब, ह्याला इंजिन नाय, कॅमेरा नाय, हे पडलं तर मीच रडणार, दुसऱ्या कोणाचं काय जात नाय." कॉन्स्टेबल जाताजाता थांबला, आणि त्यानंतर बराच वेळ मान वर करून बघत उभा राहिला. जना त्याला घारी दाखवत होता. घार पंख न हलवता वर चढते तिथे खालून गरम हवा उठते, तिच्या मागे मागे जायचं. लहानपणी आमच्या अंगणात बोंबील वाळत घातले की ह्याला घारी हाकलायला बसवायचे. तेव्हा हा काठी खाली ठेवून आभाळाकडे बघत बसायचा आणि घारी बोंबील घेऊन जायच्या. हिराने त्यासाठी त्याला किती बडवलाय.

आता शेवटच्या हंगामाचं सांगतो. आमचा हंगाम म्हणजे भात कापून झाल्यावर शेतं मोकळी होतात तिथपासून पाऊस येईपर्यंत. यंदा जना बदललेला होता. बॅटरी मला उचलायला लावायचा. पूर्वी ग्लायडर उतरलं की धावत जाऊन आणायचा, आता म्हणायचा, प्रत्येकाने आपलंच आणलं पाहिजे असं काही नाही. ग्लायडर सोडताना दोन पावलं पळायची त्याची सवय होती, ती बंद झाली, जागेवरूनच सोडायचा. वर गेलं की बांधावर बसून उडवायचा. मी म्हटलं, "काय रे, नवरदेव, बसूनच लग्न लावणार काय?" म्हणाला, "बसून मान कमी दुखते." जबडा चोळत असायचा. विचारलं, तर पित्त. सोड्याची बाटली घेऊन यायचा आणि ढेकर देऊन दाखवायचा, बघा, गेलं. एकदा त्याचा हात पंखाला धरलेला होता आणि कपाळावर घाम, त्या थंडीच्या सकाळी. मी म्हटलं, आज ऱ्हाऊ दे. तर माझ्यावर ओरडला. "तुमी पाय बघा, भावजी. माझं मी बघतो." आयुष्यात तो मला ओरडून बोलला ते तेवढंच. मी गप्प बसलो, कारण मला वाटलं सुनंदाशी भांडून आला असेल. मी डॉक्टर नाही. मला सांगायचं काम त्याचं होतं.

त्याला सगळं माहीत होतं. ते मला त्याच्या दिवसकार्याला कळलं. जेवणं झाली होती, बायका आत होत्या, मी आणि प्रशांत जिन्यात उभे होतो. तो म्हणाला, "मामा, डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, हृदयाचं ऑपरेशन लगेच करा. बाबा म्हणाले, पाऊस लागला की करू. छाती उघडली की बरेच महिने हात वर करता येणार नाही, हंगाम जाईल." मी त्याचा हात धरला. विचारलं, "तुला माहीत होतं?" म्हणाला, "मला आणि आईला. शपथ घातली होती त्यांनी. खास करून तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

खास करून मला. मी म्हटलं, "शपथ मोडली की बाप मरतो म्हणून पाळलीस ना? पाळून काय झालं?" पोरगा भिंतीला कपाळ लावून रडायला लागला. सुनंदा दारात आली, म्हणाली, "भावजी, मी रोज त्यांच्या पाया पडत होते." तिलाही मी बोललो, काय बोललो ते लिहीत नाही. मग हिरा बाहेर आली. तिचा भाऊ गेलेला, तिचे डोळे कोरडे होते. मला म्हणाली, "त्यांना कशाला बोलता? तुमाला कळलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं म्हणजे? तंगूस कापून टाकला असता. त्याला उचलून हॉस्पिटलात टाकला असता. गावभर बोंब मारली असती."

"म्हणून नाय सांगितलं," हिरा म्हणाली.

"म्हणजे जगला असता की नाय?"

ती सुनंदाला घेऊन आत गेली.

यात मला काय जाळतंय ते नीट सांगतो. जना गेला याचं दुःख आहेच, माणसं जातात, आमच्या गावात तर समुद्र घेऊन जातो. पण समुद्रावर जाताना जो माणूस ताप लपवून होडीत चढतो त्याला आम्ही खलाशी म्हणत नाही. कारण मध्येच तो कोसळला की त्याच्या वाट्याची दोरी दुसऱ्याच्या हातात येते, आणि दुसऱ्याला ठाऊकच नसतं. जनाने तेच केलं. दर रविवारी त्याने माझा पाय वापरला. मी दाबायचो, सोडायचो, आणि मला वाटायचं मी त्याचं ग्लायडर वर पाठवतोय. त्याला ठाऊक होतं आपण काय पणाला लावलंय, रामसजीवनच्या ड्रमला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. जड लागलं की सोडायचं, हे मला शिकवणारा तू, जना. तुझ्या छातीत जड लागत होतं तेव्हा तू काय केलंस? आणखी दाबलंस. मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय राहिला... मी मोडले ते तर पंख होते, दुसरे बनवता आले.

बोईसरला त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले, चांगले कपडे, चांगला आवाज. म्हणाले, जनार्दनराव आयुष्यभर आकाशाकडे बघत राहिले आणि अखेर आकाशातच विलीन झाले, असं आवडत्या छंदात मरण भाग्यवंतालाच येतं. लोक मान डोलवत होते. मी उठलो. मला कोणी बोलायला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तो आकाशात नाय गेला. तो बूट घालायला बसला आणि चपलांच्या कपाटाजवळच मेला. एक बूट पायात होता, दुसरा हातात. त्याच्या बायकोनं तो काढून घेतला. हे भाग्य कोणाला पायजे असेल त्यांनी घ्यावं." आणि चालू लागलो. मागून कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय. धक्का बसलेला नव्हता. मी खरं ते सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात प्रशांत टेम्पो करून विंच घेऊन आमच्या दारात आला. म्हणाला, बाबांनी सांगून ठेवलं होतं, विंच मामांकडे. म्हणजे बघा, मरायची सगळी सोय लावून ठेवलेली, कोणाला काय द्यायचं तेही ठरवलेलं, फक्त जगायची सोय तेवढी करायची राहिली. मी त्याला विंच पडवीत ठेवायला सांगितलं आणि तिच्यावर फाटकं जाळं टाकलं. हिराला सांगितलं, आता यावर माझा पाय परत पडणार नाही. बोललो ते बोललो. रामसजीवनचा फोन यायचा, मी उचलायचो नाही. शेवटी त्याने हिराच्या फोनवर लावला. त्यांनी रविवार ठरवला होता. जनाचं शेवटचं ग्लायडर, जे त्याने पूर्ण केलं पण एकदाही उडवलं नाही, ते सगळ्यांनी मिळून उडवायचं होतं. उडवणार रामसजीवन. विंच हवी होती आणि पाय हवा होता. मी हिराकडून फोन घेतला आणि म्हटलं, "दुसरा कोणी बघ." तो म्हणाला, "चाचा, दूसरे के पैर पर जनार्दन भाई का जहाज़ कैसे छोड़ूँ?" मी फोन ठेवला.

तीन-चार दिवस घरात तोच विषय. मी रोज सकाळी उठून पडवीत बसायचो आणि त्या जाळ्याकडे बघायचो. एक दिवस हिरा मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती, उंबऱ्यात थांबली. म्हणाली, "खाऱ्या वाऱ्यावर ती गंजायला लागली हाय. न्यायची तर न्या, नायतर भंगारवाल्याला बोलवा. रोज उठून तिच्याकडं बघून दात खाऊ नका." मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "माझा भाऊ होता तो. मला वाटायचं ते मी त्याला लहानपणीच काठीनं सांगितलंय." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

मी गेलो. रविवारी, उमरोळीला. बॅनर लावला होता, त्याच्यावर जनाचा फोटो आणि मागे ढग. ते मला आवडलं नाही, मी तो उलटा करून ठेवला. विरारचे दोघं, वसईचा एक, रामसजीवन, प्रशांत. खुंट्या मी स्वतः ठोकल्या, कोणाला हात लावू दिला नाही. कप्पी, तंगूस, पॅराशूट. प्रशांतने बापाचं ग्लायडर धरलं. पिवळे पंख, अजून त्याला मातीचा डाग लागलेला नव्हता. रामसजीवनने रिमोट गळ्यात अडकवला. घारी वर होत्या. मी पेडलजवळ उभा राहिलो आणि माझा पाय काही उचलेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "तंगूस लावायच्या आधी एक सांगा. इथं उभे हायेत त्यातला कोण काय लपवतोय?"

विरारचा एक हसला. "मामा, बँकेचं कर्ज सोडून काय नाय."

"दुखण्याचं विचारतोय. छाती, पोट, डोकं, काय असेल ते. ज्याला हाय त्यानं आत्ता बोलायचं. नायतर मी वायर काढतो."

वसईवाला म्हणाला, मला साखर आहे, घरी सगळ्यांना माहीत आहे, गोळी चालू आहे. मी म्हटलं, बरं. विरारचा दुसरा म्हणाला, गुडघा. मी म्हटलं, दिसतो. प्रशांतकडे बघितलं. तो म्हणाला, "काही नाही, मामा. गेल्याच महिन्यात सगळं तपासून घेतलं." मग राहिला रामसजीवन. तो रिमोटच्या काड्या हलवून बघत होता, शेपटी हलते का ते बघत होता. मी विचारलं, "सजीवन?"

"कुछ नहीं, चाचा. हवा अच्छी है, छोड़ते हैं."

"माझ्याकडं बघून बोल."

त्याने बघितलं, आणि लगेच नजर घारींकडे नेली. अगदी तसंच जना बघायचा, सोड्याची बाटली हातात घेऊन. मी खाली बसलो आणि बॅटरीची वायर काढली. रामसजीवन म्हणाला, "अरे चाचा, थोड़ा सा है, उमर का है... पेशाब में कभी कभी खून आता है. गरमी की वजह से होगा. अपने आप ठीक हो जाएगा."

"घरी सांगितलंस?"

"घर तो गाँव में है. उनको काहे को परेशान करना."

"फोन हाय ना तुझ्याकडं? लाव."

"अभी? चाचा, हवा चली जाएगी."

"जाऊ दे."

विरारवाला मध्ये पडला, म्हणाला, मामा, एक उड्डाण होऊन जाऊ द्या, मग लावेल ना फोन, सगळे एवढ्या लांबून आलेत. मी त्याला जे बोललो ते ऐकून तो बाजूला झाला. प्रशांतने ग्लायडर गवतावर ठेवलं आणि रामसजीवनच्या गळ्यातला रिमोट काढून घेतला. रामसजीवनने खिशातून फोन काढला. मग बांधाच्या पलीकडे गेला. आधी मोठ्याने बोलत होता, हसतसुद्धा होता, गावाकडच्या भाषेत. मग आवाज कमी झाला. मग तो उकिडवा बसला आणि नुसता ऐकत राहिला. तिकडून कोणीतरी बाई जोरजोरात बोलत होती, ते आम्हाला इथपर्यंत ऐकू येत होतं. शिव्या असाव्यात. चांगलं झालं.

परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "कल प्रशांत के साथ अस्पताल जाऊँगा. बोल दिया है." मी प्रशांतकडे बघितलं, त्याने मान हलवली. तोवर वारा पडला होता आणि घारी कुठल्या कुठे गेल्या होत्या. जनाचं ग्लायडर त्या दिवशी वर गेलं नाही. पुढच्या रविवारी गेलं, ते प्रशांतनेच उडवलं, बापासारखं नाही जमलं त्याला, पण उतरवलं नीट. रामसजीवनवर उपचार चालू आहेत.

आता मी दर रविवारी हे विचारतो. पेडलवर पाय ठेवण्याआधी, एकेकाला, नाव घेऊन. नवीन येणारे लोक चिडतात, एकजण म्हणाला, काका, आम्ही खेळायला आलोय, डॉक्टरकडे नाही. मला माहीत आहे की उद्या कोणी ठरवून खोटं बोललं तर मला कळणार नाही. जनालाही मी विचारलं असतं तर तो पित्तच म्हणाला असता आणि ढेकर देऊन दाखवला असता. तो राग जाणार नाही आणि मी तो घालवणारही नाही. ज्याला पटत नसेल त्याने आपलं ग्लायडर हाताने फेकावं, नाहीतर नाकाला मोटर लावावी. या शेतात पेडलवर माझा पाय आहे.